माझ्याच सात मिनिटांचं परीक्षण

स्मरणिकेत दरवर्षी कुणीतरी नाटकाचं किंवा पुस्तकाचं परीक्षण लिहितं. यंदा संपादक काकूंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, मी एका फिल्मवर लिहितो. फिल्म तुम्ही बहुतेकांनी पाहिली आहे, शेवटी टाळ्याही वाजवल्या आहेत. लेखक, दिग्दर्शक, संकलक, निवेदक, सबकुछ अस्मादिक! २०२० च्या संक्रांतीला आपल्या हॉलमध्ये दाखवलेली, कांगारू आयलंडच्या वणव्यावरची ती सात मिनिटांची फिल्म. तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवलेला देणगीचा डबा त्या संध्याकाळी दोनदा रिकामा करावा लागला होता. समितीला ती येत्या संक्रांतीला पुन्हा दाखवायची आहे. माझा विरोध आहे, आणि तो का, ते सांगण्यासाठी हा लेख.

तांत्रिक बाजू आधी उरकतो. २००४ साली मास्टर्स करायला अ‍ॅडलेडला आलो तेव्हापासून पोट सॉफ्टवेअरवर चालतंय, त्यामुळे वहीचं पान उलटावं तसा एकेक फोटो उलटवण्याचा मोह आवरला नाही. बासरी फार मोठ्याने वाजते. निवेदकाचा आवाज गहिवरलेला आहे. खरं तर ती सर्दी होती, पण लोकांना आवडली.

नव्याने आलेल्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. कांगारू आयलंड म्हणजे केप जर्व्हिसहून फेरीने पाऊण तासावरचं आपल्या राज्यातलं बेट. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे वीज पडून आगी लागल्या आणि ३ जानेवारी २०२० ला त्या वाऱ्याबरोबर सुटल्या. दोन माणसं गेली. फ्लिंडर्स चेस नॅशनल पार्क जवळजवळ संपूर्ण जळलं. एकूण दोन लाख हेक्टरांहून जास्त, म्हणजे जवळपास निम्मं बेट.

आता फिल्म. दुसऱ्या मिनिटाला ती प्रसिद्ध क्लिप येते: एक बाई अंगातला शर्ट काढून जळत्या जंगलातल्या कोआलाला त्यात गुंडाळते. हॉलमध्ये हुंदके ऐकू आले ते इथेच. ही क्लिप कांगारू आयलंडची नाही. ती नोव्हेंबर २०१९ ची, न्यू साउथ वेल्समधली. आणि तो कोआला वाचला नाही. भाजणं इतकं होतं की आठवड्याभरात डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवलं. हे मला जानेवारीत ठाऊक होतं. मी क्लिप शर्टापाशी कापली. निवेदनात खोटं एकही वाक्य नाही. फक्त वाक्य जिथे यायला हवं होतं तिथे बासरी आहे.

पुढची दोन मिनिटंही कोआलांचीच. भाजलेले पंजे, बँडेज, बाटलीतून पाणी. हे फोटो त्या बेटाचे आहेत आणि पार्नडानाजवळच्या वाइल्डलाइफ पार्कमध्ये उभ्या केलेल्या दवाखान्यात शेकडो कोआलांवर उपचार झाले हे खरंच आहे. त्या लोकांबद्दल मला आदरच आहे; भाजलेल्या जिवावर मलम लावायला तो इथला की बाहेरचा हे विचारायचं नसतं. पण फिल्म म्हणते की हे ‘बेटाचे मूळ रहिवासी’. चक्क चूक. कोआला या बेटावर नव्हतेच. १९२० च्या दशकात व्हिक्टोरियातल्या फ्रेंच आयलंडवरून अठरा आणून सोडले, त्यांचे वणव्याआधी पन्नास हजारांच्या आसपास झाले होते. झाडं ओरबाडली जाऊ लागली म्हणून १९९० च्या दशकात सरकारला त्यांची नसबंदी सुरू करावी लागली. म्हणजे आपणच आणलेला पाहुणा आपण यजमान म्हणून दाखवला.

आणि यजमान? तो माझ्या फिल्ममध्ये एका सेकंदापुरताही नाही. त्याचं नाव डनार्ट. दिसायला राखाडी उंदीर, पण उंदीर नव्हे. कांगारूसारखा पिशवीवाला, रात्री हिंडून किडे-कोळी खाणारा, पंचवीसेक ग्रॅमचा. सगळ्या जगात फक्त या बेटाच्या पश्चिम भागात सापडतो. वणव्याआधीच तो पाचशेपेक्षा कमी असावा असा अंदाज होता, आणि त्याच्या माहीत असलेल्या वस्तीपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जळाली.

फिल्ममधल्या आकड्याबद्दलही बोललं पाहिजे. दिवाळीला झूमवर दाखवलेल्या आवृत्तीत मी पाटी टाकली: ‘तीनशे कोटी प्राणी मेले.’ जुलै २०२० मध्ये आलेल्या शास्त्रज्ञांच्या त्या अंदाजात देशभरातले सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे प्राणी आणि बेडूक मिळून जवळजवळ तीनशे कोटी आहेत हे बरोबर. पण शब्द ‘बाधित’ असा आहे. मेलेले, पळालेले, बेघर झालेले, सगळे त्यात आले. शिवाय त्यातले २४६ कोटी सरपटणारे प्राणी आहेत, म्हणजे पाली, सरडे, साप. आकडा सरड्यांच्या जिवावर फुगवला आणि फोटो लावला कोआलाचा! आमच्या धंद्यात कुणी असा डॅशबोर्ड क्लायंटला दाखवला तर दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्ट जातं.

शेवट सगळ्यात वाईट. काळ्याठिक्कर खोडावर कोवळी हिरवी पालवी, बासरी वरच्या सुरात, ‘निसर्ग परत येतो’ ही पाटी, टाळ्या. निलगिरीच्या जातीची बरीच झाडं जळल्यावर काही आठवड्यांत खोडातून अशी पालवी काढतात. पानं गेल्यामुळे झाड साठवलेली शिदोरी मोडून जगायची धडपड करत असतं. त्याने प्राण्याला घर मिळत नाही. डनार्ट दडतो ते दाट झुडपात आणि यक्का नावाच्या झाडाच्या वाळक्या पानांच्या घागऱ्याखाली. यक्का वाढतो वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. तिथला काळा काकाकुवा जवळजवळ फक्त शीओकच्या बोंडांतलं बी खातो. शीओक म्हणजे आपल्या कोकणातल्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या नात्यातलं झाड. रोप लावलं तरी बोंडं धरायला वर्षं जातात, आणि हा पक्षी अंडं घालतो जुन्या झाडाच्या ढोलीत. पॉसम ती अंडी खातात म्हणून १९९० च्या दशकापासून तिथले लोक खोडांभोवती पत्रा गुंडाळत आलेत. त्या पत्र्यांमुळे दोनशेच्या आत आलेला थवा वणव्यापूर्वी साडेतीनशेच्या वर गेला होता. खोडाला पत्रा मारणाऱ्या माणसाचा फोटो मी पाहिला होता. दिसायला कंटाळवाणा म्हणून घेतला नाही.

२०२३ च्या थंडीत मी बेटावर एका शेतावर दोन दिवस स्वयंसेवक म्हणून गेलो. मला वाटलं, झाडं लावायची असतील. आम्ही उपटली! लाकडासाठी लावलेल्या ब्लू गमच्या बागा वणव्यात जळल्या, त्यांचं बी उडालं आणि मूळच्या रानात लाखोंनी रोपं उगवली. ब्लू गम तिथला नाही. हिरवंगार दिसणारं कोवळं रोप मुळासकट ओढून काढताना हात चालेना. माझ्या फिल्मचा शेवटचा फोटो आठवत होता.

पण सगळ्यात मोठी गाळलेली गोष्ट म्हणजे मांजर. आग लागली तेव्हा काही डनार्ट वाचले, न जळलेल्या तुकड्यांत. नंतर उघड्या पडलेल्या राखेवर त्यांना रानमांजरांनी गाठलं. वणव्यानंतर मारलेल्या ८६ मांजरांची पोटं तपासली, तर सात मांजरांच्या पोटात मिळून आठ डनार्ट निघाले. पाचशे नसलेल्या जातीतले आठ. म्हणून तिथल्या लोकांनी आणि ऑस्ट्रेलियन वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हन्सीने खाजगी जमिनीवर आधी घाईघाईने चौदा हेक्टरभोवती कुंपण घातलं, मग २०२० मध्येच सुमारे ३७० हेक्टरभोवती पक्कं. वेस्टर्न रिव्हर रेफ्यूज त्याचं नाव. जाळीचा वरचा भाग मुद्दाम लवचिक ठेवतात, मांजर चढलं की तो वाकतो आणि ते बाहेर पडतं. खाली जाळी जमिनीवर पसरलेली असते, म्हणजे उकरून आत येता येत नाही. मग आतली मांजरं काढायची. मग कुंपणाला कायम फेऱ्या मारायच्या, कारण एक फांदी पडली की भोक. अभयारण्य चालवणं म्हणजे मुख्यतः हे, आणि याला अंत नाही.

बेटावर एक यंत्रही वापरतात, फेलिक्सर. समोरून जाणाऱ्या प्राण्याचा आकार आणि चाल लेसरने मोजून ते मांजर असल्याची खात्री करतं आणि अंगावर विषारी जेल उडवतं. मांजर स्वच्छतेच्या सवयीने अंग चाटतं. माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. त्याच रात्री झोप मात्र लागली नाही. आमच्या घरी मनी आहे, तीही दिवसभर अंगच चाटत बसते.

गेल्या वार्षिक सभेत मी सुचवलं की यंदाची देणगी कुंपणाच्या देखभालीला द्यावी. एक काकू उठून म्हणाल्या, ‘‘अरे, मांजर मारायला माझे पैसे नकोत रे बाबा, आणि संक्रांतीच्या दिवशी तर नाहीच नाही.’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुंपणाला पैसे म्हणजे मांजरालाही पैसे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. २०२० साली त्यांनी डब्यात टाकलेल्या नोटेमागे मी त्यांना हा हिशोब दाखवलाच नव्हता.

नवी आवृत्ती तयार होत आहे. सध्या अकरा मिनिटांची आहे. कोआला आहे, दीड मिनिट, अठरांच्या गोष्टीसकट. शर्टाची क्लिप नाही. रात्रीच्या कॅमेऱ्याचं दृश्य आहे, त्यात बराच वेळ काहीच घडत नाही, मग दोन सेकंद एक राखाडी ठिपका. फेलिक्सर आहे. बासरी काढली आहे. काकूंनी समितीआधी एकदा आमच्या घरी येऊन बघायचं कबूल केलं आहे.