‘टफ चॉइसेस’ : कार्ली फिओरिना यांच्या आत्मकथनाचे समीक्षण

कार्ली फिओरिना यांचे ‘टफ चॉइसेस’ हे इंग्रजी आत्मकथन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आदल्याच वर्षी, फेब्रुवारी २००५ मध्ये, ह्यूलेट-पॅकार्डच्या संचालक मंडळाने त्यांना प्रमुखपदावरून दूर केले होते. पुस्तकाची सुरुवातही याच प्रसंगाने होते. त्यामुळे विद्यार्थ्यांनी ते वाचताना लक्षात घ्यावे, की ही जीवनकथा जितकी आहे तितकीच ती कैफियतही आहे.

पूर्वार्ध सरस आहे. स्टॅनफर्डमध्ये मध्ययुगीन इतिहास व तत्त्वज्ञान शिकलेली, कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडलेली तरुणी कचेरीत स्वागतिकेचे काम करते आणि १९८० मध्ये एटी अँड टीच्या विक्री विभागात येते. ग्राहकांबरोबरची बैठक स्ट्रिप क्लबमध्ये ठरते, तेव्हा ती घाबरते, पण जाते. लेखिका येथे स्वतःची भीती झाकत नाही, म्हणून हा भाग पटतो.

कॉम्पॅकच्या विलीनीकरणापाशी मात्र सूर बदलतो. सप्टेंबर २००१ मध्ये जाहीर झालेल्या या व्यवहाराला एका संस्थापकाचे पुत्र वॉल्टर ह्यूलेट यांनी विरोध केला. भागधारकांच्या मतदानात बाजूने जेमतेम ५१ टक्के मते पडली. प्रिंटरचा व्यवसाय भरपूर नफा देत असताना कमी नफ्याचा संगणक व्यवसाय का वाढवावा, हा आक्षेप स्त्री-पुरुषभेदाचा नव्हता. वृत्तपत्रांनी कामापेक्षा त्यांच्या पोशाखावर व केसांवर लिहिले, ही तक्रार रास्तच आहे. पण ती तक्रार आणि आक्षेपाचे उत्तर लेखिका एकाच बचावात गुंफते आणि तिथे पुस्तक दुबळे होते. विलीनीकरणात सुमारे १५,००० नोकऱ्या कमी करण्याचे ठरले होते. त्या माणसांना निवड करायची संधीच नव्हती, हे शीर्षक वाचताना आठवतेच.

मग विलीनीकरण चुकले का? २००६ च्या अखेरीस कंपनीने वैयक्तिक संगणकांच्या बाजारपेठेत डेलला मागे टाकले. तेव्हा फिओरिना तेथे नव्हत्या. २०११ मध्ये प्रमुखपदी आलेल्या मेग व्हिटमन यांनी संगणक विभाग वेगळा काढण्याचा आधीचा बेत रद्द केला. पण नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत कंपनी दुभंगली. सर्व्हर व सेवा एका कंपनीकडे गेल्या. वॉल्टर ह्यूलेट यांना खटकणारी जोडी, प्रिंटर आणि संगणक, दुसऱ्या कंपनीत एकत्रच राहिली.