‘मॉन्स्टर’ : राक्षसीण म्हणण्याआधी

परवा मुलं झोपल्यावर आम्ही दोघांनी ‘मॉन्स्टर’ (२००३) पुन्हा पाहिला. फ्लोरिडात १९८९-९० मध्ये सात पुरुषांना गोळ्या घालणाऱ्या आयलीन वुर्नोसची ही कहाणी. २००२ मध्ये तिला मृत्युदंड दिला गेला.

या भूमिकेसाठी शार्लीझ थेरॉनला ऑस्कर मिळालं. तिच्या वाढवलेल्या वजनाची, खोट्या दातांची चर्चा फार झाली. मला मात्र तिची चाल आठवते : वरून धटिंगण, आतून घाबरलेली.

सेल्बी नावाच्या मुलीवर तिचा जीव जडतो. तिच्यासाठी देहविक्रय सोडून ती नोकरी शोधू लागते. शिक्षण नाही, अनुभव नाही. एक वकील इंटरव्ह्यूतच तिचा पाणउतारा करतो. आय.टी.तल्या नोकरीमुळे मीही बरेच इंटरव्ह्यू घेतले आहेत; मधली वर्षं कोरी असलेले रेझ्युमे न वाचताच बाजूला सारले आहेत. तो प्रसंग पाहताना मान खाली गेली.

तरीही दिग्दर्शिका पॅटी जेन्किन्स तिला निर्दोष ठरवत नाही. चित्रपटातला पहिला खून जीव वाचवण्यासाठी होतो. शेवटचा माणूस मात्र तिला निरपेक्ष मदत देऊ करतो, आणि ती त्यालाही मारते. तिथे माझी सहानुभूती अडखळली.

सेल्बी इतकी स्वार्थी का, हे नीट उलगडत नाही, ही एक उणीव. पण दया आणि न्याय या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरायला हा चित्रपट भाग पाडतो. जरूर पाहा; मुलांना मात्र दूर ठेवा.