जुळलं म्हणजे कळलं का?

आजचा विषय मिठाच्या पाण्याचा आहे आणि मी काही रसायनशास्त्राचा माणूस नाही. माझं आयुष्य "हे तुम्हाला कशावरून कळलं?" असं विचारण्यात गेलं. तोच प्रश्न आज अवस्था-समीकरणांना विचारायचा आहे.

सुरुवात सोड्याच्या गाडीपासून करू. सोड्यात चिमूटभर मीठ टाकलं की तो फसफसतो. का? शिकलेला माणूस सांगतो, मिठामुळे पाण्याची वायू धरून ठेवण्याची ताकद कमी होते. हा नियम खरा आहे. पण मिठाऐवजी स्वच्छ वाळू टाकून पाहा. वाळू विरघळत नाही, तरी फेस येतोच. कारण मुख्यतः कणांच्या खडबडीत पृष्ठभागावर बुडबुडे धरतात. म्हणजे नियम खरा, निरीक्षण खरं, आणि दोघांची घातलेली सांगड चुकीची. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अवस्था-समीकरण म्हणजे दाब, आकारमान आणि तापमान यांना बांधणारं समीकरण. 1873 साली व्हान डर वाल्सनं आपल्या प्रबंधात दोनच आकडे घेतले: एक रेणूंच्या आकाराचा, एक त्यांच्यातल्या आकर्षणाचा. तेवढ्यावर वायू आणि द्रव एकाच सूत्रात बसवले. फार देखणं काम. पण त्याचे रेणू विद्युतभार नसलेले होते. मीठ पाण्यात गेलं की सोडियम आणि क्लोराइडचे भारित आयन सुटे होतात, आणि भारांमधली ओढ फार लांबवर पोचते. शेजारच्या रेणूपुरता विचार करून भागत नाही.

यावर 1923 मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी उत्तर दिलं. प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराचं एक विरळ वलय असतं, असं त्यांनी मांडलं. त्यांच्या मर्यादा-नियमाला मिठाच्या द्रावणातलं एकही माप उसनं घ्यावं लागत नाही. तापमान, आयनांचे भार, आणि पाण्याची घनता नि डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, बस्स. हा कॉन्स्टंट म्हणजे पाण्यात ही ओढ किती पटींनी मंदावते तो आकडा, 25 अंशांना सुमारे 78.

आता हिशेब तपासू. विरघळलेलं मीठ आदर्श वागणुकीच्या किती जवळ आहे हे सांगणारा एक गुणांक असतो, सक्रियता गुणांक. तो 1 असला की वागणूक आदर्श. 1 किलो पाण्यात 0.001 मोल मीठ असेल, तर नियम म्हणतो 0.964, मोजलं तर 0.965. वाहवा! तेच 1 मोल, म्हणजे सुमारे 58 ग्रॅम घ्या. नियम म्हणतो 0.31, प्रत्यक्षात 0.66. आणि 6 मोलला, जिथे पाणी जवळजवळ तृप्त झालेलं असतं, नियम 0.06 च्या खाली जातो, तर मोजमाप 0.99 दाखवतं.

थांबा. 0.99 म्हणजे जवळजवळ 1! मग इतकं खारट पाणी आदर्श झालं म्हणायचं का? मुळीच नाही. एकीकडे आयनांची ओढ, दुसरीकडे त्यांचं एकमेकांना ढकलणं आणि पाण्याला धरून ठेवणं, या परस्परविरोधी गोष्टींनी एकमेकींना खोडलं, एवढंच. एखादा भोळा विद्यार्थी "द्रावण आदर्श धरा" म्हणून इथे पैकीच्या पैकी गुण मिळवेल. सोड्यातली वाळू पुन्हा भेटली ना?

माझी टीका इथून सुरू होते. आजची समीकरणं बेरजेची असतात: रेणूंच्या ढकलण्याचं एक पद, आकर्षणाचं एक, पाण्याच्या हायड्रोजन-बंधांचं एक, विद्युतभाराचं एक. मीठ वाढलं की पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट उतरतो, हे मोजलेलं आहे. तरी एक घराणं शुद्ध पाण्याचाच आकडा वापरतं. दुसरं घराणं तो उतरवतं आणि आयनाला माध्यमात आणण्याच्या ऊर्जेचं, बॉर्नचं पद जोडतं. मग दोघंही आपापले आकडे मापनांवरून बसवून घेतात, आणि दोघांचंही चांगलं जुळतं! दोन वेगळ्या कहाण्या, शेवट एकच. पिएर दुएम, जो स्वतः उष्मागतिकीचा अभ्यासक होता, त्यानं 1906 च्या ग्रंथात हेच बजावलं होतं: प्रयोग एकट्या गृहीतकाला तपासत नाही, गृहीतकांच्या अख्ख्या गठ्ठ्याला तपासतो.

तुम्ही म्हणाल, जुळतंय ना, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते मोजलेल्या हद्दीबाहेर गेल्यावर. नॉर्वेच्या स्लाइपनर प्रकल्पात 1996 पासून कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या खाऱ्या पाण्यानं भरलेल्या वाळूच्या थरात सोडला जातोय. किती वायू विरघळेल, किती मोकळा राहील, हे दाबाखाली, अनेक क्षारांच्या मिश्रणात सांगावं लागतं. अशा कामाला अवस्था-समीकरणं हवीतच, कारण वायू, द्रव आणि दाब एकत्र हाताळायची ताकद त्यांच्यात आहे. पण नव्या ठिकाणी दाब, तापमान, क्षार बदलले की खोडाखोडीचा तोल ढळू शकतो. तेव्हा आतली कहाणी खरी होती की नुसती सोयीची, याला किंमत येते.

म्हणून ही समीकरणं फेकून द्या, असं मी म्हणत नाही. दोन प्रश्न विचारा, एवढंच. किती आकडे मापनांवरून बसवले? आणि बसवताना न पाहिलेली कोणती गोष्ट समीकरणानं आधी सांगितली? डिबाय-ह्युकेलचं राज्य अगदी विरळ द्रावणापुरतं, पण तिथे त्यांनी मिठाच्या मापनांकडून काही उसनं घेतलं नव्हतं. आजच्या समीकरणांचं राज्य मोठं आहे, म्हणून त्यांनी आपली उसनवारी उघड लिहावी. कर्ज असण्यात लाज नाही. ते लपवून श्रीमंती मिरवण्यात आहे.

आता प्रश्न घेऊ.