चौकटीतला मोकळेपणा कुणासाठी?

मॉर्टन फेल्डमनच्या ‘प्रोजेक्शन १’चा कागद पाहिलात तर तुम्हाला शाळेतली आलेखवही आठवेल. १९५० साली एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या या रचनेत पाच रेघाही नाहीत आणि स्वरांची नावेही नाहीत. आहेत त्या फक्त चौकटी. प्रत्येक चौकटीत मिनिटाला साधारण ७२ या गतीच्या चार मात्रा. खूण वर असेल तर उंच स्वर, मध्ये असेल तर मधला, खाली असेल तर खर्जाकडचा. तो कधी आणि किती वेळ वाजवायचा हे ठरलेले, पण नेमका कोणता, हे वादकाच्या हाती.

हे वाचताच आपल्यातले बरेचजण म्हणतील, ‘यात नवे काय? आपल्याकडे हे पूर्वीपासूनच आहे.’ परदेशात राहिल्यावर हे वाक्य ओठांवर जरा लवकरच येते. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत छापलेली बंदिशही सांगाडाच असते, हे खरे. पण तो सांगाडा भरणाऱ्या गायकाजवळ राग असतो, तालीम असते. फेल्डमनच्या चौकटीमागे असे काही नाही. मग वादक त्या कशाने भरणार? हाताला पडलेल्या सवयीने! फेल्डमनने स्वतःच पुढे कबुली दिली, की त्याला मोकळे करायचे होते ध्वनींना, पण मोकळा झाला वादक. १९६७ नंतर त्याने अशा आलेखरचना लिहिल्या नाहीत.

स्टॉकहाउझेनच्या ‘क्लाव्हियरश्ट्यूक ११’मध्ये (१९५६) वाट वेगळी आहे. एका मोठ्या कागदावर १९ तुकडे विखुरलेले आहेत आणि त्यांतले स्वर नेमके लिहिलेले आहेत. पियानोवादकाने नजर जाईल तो तुकडा वाजवायचा. तुकड्याच्या शेवटी पुढच्यासाठी लय, आवाजाची पातळी आणि आघाताचा प्रकार दिलेला असतो. म्हणजे तोच तुकडा कुठून आलात त्याप्रमाणे कधी संथ व हळुवार, तर कधी वेगवान व कडक वाजेल. एखाद्या तुकड्यावर तिसऱ्यांदा पोहोचलात, की रचना संपली.

मला ही रचना अधिक पटते. इथे निवडीला परिणाम आहे. मागचा तुकडा पुढच्यावर आपली छाया टाकतो.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो तुमचा-माझा, म्हणजे श्रोत्याचा आहे. ख्यालात मुखडा आपल्या कानात बसलेला असतो. गायक दूर जातो तेव्हा किती दूर गेला हे आपल्याला कळते, आणि तो समेवर आला की मान आपोआप डोलते. त्याचे स्वातंत्र्य आपल्याला ऐकू येते. स्टॉकहाउझेनची रचना एकदाच ऐकणाऱ्याला, ती दुसऱ्या क्रमानेही होऊ शकली असती हे कळायला मार्गच नाही. परतलेला तुकडा ओळखता आला तर थोडे काही हाती लागते, पण पहिल्याच बैठकीत ते जमणे कठीण.

म्हणून या रचनेच्या एका ध्वनिमुद्रणावर थांबू नका. दोन वेगळ्या वादकांची, लागोपाठ ऐका. जमल्यास छापील प्रत समोर ठेवा. आणि ‘आपल्याकडे हे होतेच’ हे वाक्य तेवढा वेळ बाजूला ठेवा. आपल्याकडे होते ते याहून निराळे होते, आणि ते निराळेपण या परक्या कागदाशेजारी ठेवल्यावर अधिक स्पष्ट दिसते.