हेडशॉटची टक्केवारी नेमकं काय मोजते?



आजचा विषय जरा वेगळा वाटेल: काउंटर-स्ट्राइकमधल्या बंदुका. गेम खेळत नसाल तरी पान बंद करू नका, कारण प्रश्न तुमच्या सिनॉप्सिसचा आहे. ईस्पोर्ट्सवर किंवा गेमिंगवर संशोधन करायचं म्हणणारे विद्यार्थी आता मानसशास्त्र, शारीरिक शिक्षण, कॉम्प्युटर सायन्स अशा सगळ्या विभागांत भेटतात. त्यांच्या आराखड्यात या धर्तीचं एक वाक्य सहज येऊन बसतं: खेळाडूंचे कौशल्य हेडशॉटच्या टक्केवारीवरून व रँकवरून निश्चित केले जाईल.

आज टीका करायची आहे ती या एकाच वाक्यावर. माझं म्हणणं थोडक्यात असं, की शूटर गेममध्ये कोणत्या कौशल्याला किती गुण मिळणार हे बंदुकीचे नियम ठरवतात. ते नियम न वाचता आकडे गोळा केले, तर आपण खेळाडू मोजतोय असं आपल्याला वाटत राहतं आणि प्रत्यक्षात बंदूक मोजली जाते.

आधी दोन रायफली

न खेळणाऱ्यांसाठी दोन ओळी. पाच जणांचे दोन संघ. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला खेळातल्या पैशांतून बंदुका विकत घ्यायच्या. प्रत्येकाची तब्येत १०० गुणांची. ती शून्यावर आली की त्या फेरीपुरता खेळाडू बाद.

आता गणित बघा. हल्ला करणाऱ्या बाजूला एके-४७ मिळते. तिचं मूळ नुकसान ३६. डोक्याला लागली तर चौपट, म्हणजे १४४. समोरच्यानं हेल्मेट घातलं असेल तर त्यातलं ७७.५ टक्के आत पोचतं, म्हणजे साधारण १११. एका गोळीत विषय संपला. बचाव करणाऱ्या बाजूची एम४ए४ घ्या. मूळ नुकसान ३३, चौपट केलं की १३२, आणि हेल्मेटमधून ७० टक्के आत जातं, म्हणजे ९२. समोरचा आठ गुणांवर जिवंत राहतो आणि उलट गोळी मारतो.

दोन्ही वेळा नेम तोच, हात तोच, क्षणही तोच. निकाल मात्र वेगळा.

आता टक्केवारी कशी काढतात ते आठवा. एकूण किलपैकी किती किल हेडशॉटनं झाले, एवढंच त्यात असतं, आणि हेडशॉट ठरतो शेवटच्या गोळीवरून. एम४ए४वाल्यानं पहिली गोळी बरोबर डोक्यात मारली आणि दुसरी छातीवर मारून काम पूर्ण केलं, तर त्या किलची नोंद साध्या किलमध्ये होते. त्याचा उत्तम नेम आकड्यात कुठेच दिसत नाही.

‘पण बाजू अर्ध्यावर बदलतात की, म्हणजे फरक आपोआप फिटला!’ असं कुणी म्हणेल. फिटत नाही. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये पहिल्या बारा फेऱ्या एका बाजूनं खेळायच्या असतात आणि आधी १३ फेऱ्या जिंकेल तो संघ विजयी. सामना १३-३ असा सुटला तर एका बाजूनं १२ फेऱ्या झाल्या आणि दुसऱ्या बाजूनं फक्त ४. त्या सामन्यातल्या टक्केवारीत बाजूचा वाटा किती आणि नेमाचा किती, हे नुसत्या आकड्याकडे बघून सांगता येणार नाही.

तिसरी बंदूक घेतली की हा निकष पुरता कोलमडतो. एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल, किंमत ४७५०. पाय सोडून कुठेही एक गोळी लागली की समोरचा बाद. मग डोक्याच्या मागे कोण लागेल? शहाणा खेळाडू छातीवर नेम धरतो, कारण छाती मोठी आहे. साहजिकच एडब्ल्यूपीवाल्यांची हेडशॉट टक्केवारी रायफलवाल्यांपेक्षा कमी दिसते. आणि हे लोक कोण आहेत? एचएलटीव्ही या संकेतस्थळाच्या वार्षिक क्रमवारीत २०१८, २०२१ आणि २०२२ साली पहिला आलेला सिंपल, आणि २०१९, २०२० व २०२३ साली पहिला आलेला झायवू. दोघेही मुख्यतः एडब्ल्यूपी खेळण्यासाठी प्रसिद्ध. जो निकष जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूंना खाली ढकलतो, त्यावर तुम्ही ‘तज्ज्ञ गट’ आणि ‘नवशिका गट’ पाडणार आहात का?

संशोधनपद्धतीच्या पेपरात ‘वैधता’ नावाचा मुद्दा आपण पाठ करतो: साधन जे मोजायचं म्हणतं तेच मोजतं का? इथे तो मुद्दा पाठांतरातून उठून समोर येतो.

नेम म्हणजे फक्त माउस नव्हे

मग काही जण म्हणतात, गेमचे आकडे नकोतच, आम्ही प्रयोगशाळेत नेम मोजू. पडद्यावर ठिपके येतील, खेळाडूनं माउसनं ते टिपायचे, आपण वेळ मोजायचा. यामागे पॉल फिट्स यांचा १९५४ मधला प्रसिद्ध नियम आहे. लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त, आणि हे नातं लॉगरिदमचं असतं. नियम भक्कम आहे, वाद त्याच्याशी नाही.

वाद आहे तो चांगला खेळाडू प्रत्यक्षात काय करतो याच्याशी. तो झपकन दूरचं लक्ष्य टिपत बसत नाही. कोपऱ्याजवळ येताना शत्रूचं डोकं जिथे आणि ज्या उंचीवर दिसेल, तिथे तो क्रॉसहेअर आधीच धरून ठेवतो. शत्रू बाहेर आला की बोट दाबायचं, बस्स. फिट्सच्या भाषेत सांगायचं तर त्यानं अंतरच जवळजवळ शून्य करून टाकलं. अवघड गणित वेगानं सोडवण्याऐवजी त्यानं गणितच सोपं करून घेतलं. ठिपक्यांच्या चाचणीत लक्ष्य कुठेही उगवतं, म्हणून हे कौशल्य तिथे दिसायला जागाच नाही.

बुद्धिबळात हे फार पूर्वी दाखवून झालंय. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये पटावरची मांडणी काही क्षण दाखवून ती आठवायला सांगितली. खऱ्या डावातली मांडणी असेल तर निष्णात खेळाडू खूप पुढे. सोंगट्या कशाही विखुरल्या तर तो फायदा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे त्यांचं बळ सरसकट स्मरणशक्तीत नव्हतं, खेळातल्या अर्थपूर्ण रचना ओळखण्यात होतं. ठिपक्यांची चाचणी ही शूटरसाठी विखुरलेल्या सोंगट्यांसारखीच आहे.

शिवाय डावा हात विसरू नका. काउंटर-स्ट्राइकमध्ये चालता चालता रायफल झाडली तर गोळ्या भरकटतात. म्हणून खेळाडू डावीकडे जात असताना क्षणभर उजवीकडची कळ दाबतो, जागच्या जागी थांबतो आणि तेव्हाच गोळी सोडतो. याला काउंटर-स्ट्रेफ म्हणतात. माउस अचूक जागी असूनही ही वेळ चुकली तर गोळी चुकते. बघणाऱ्याला वाटतं, नेम कच्चा आहे. कच्ची असते ती डाव्या आणि उजव्या हाताची जुळणी. नुसत्या माउसच्या चाचणीत हेही निसटतं.

‘नशीब आलं की कौशल्य संपलं’ हा गैरसमज

आता खेळाडूंच्या एका लाडक्या युक्तिवादाकडे येऊ. रायफल सलग झाडली की दोन वेगळ्या गोष्टी घडतात. एक म्हणजे झटका: बंदूक ठरावीक नक्षीत वर आणि मग डावी-उजवीकडे सरकते. ही नक्षी दर वेळी तीच असते, त्यामुळे उलट्या दिशेनं माउस ओढून ती पाठ करता येते. दुसरी म्हणजे फैलाव: त्या नक्षीभोवती प्रत्येक गोळी थोडी इकडेतिकडे जाते, आणि ते यदृच्छेनं. पहिली गोष्ट घोकता येते, दुसरी येत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं काउंटर-स्ट्राइकमध्ये एक मोठा बदल केला. आर८ नावाचं नवं रिव्हॉल्व्हर आलं आणि त्याच वेळी मुख्य रायफलींची अचूकता सलग झाडताना कमी केली गेली. खेळाडूंनी गदारोळ केला. रिव्हॉल्व्हर इतकं भारी पडत होतं की काही दिवसांतच त्याची ताकद उतरवावी लागली, आणि रायफलींचे बदल पुढच्या महिन्यात मागे घेतले गेले. रायफलींबद्दलची तक्रार अशी होती: यदृच्छा वाढवली म्हणजे आमचं कौशल्य मारलं.

तक्रार समजण्यासारखी आहे, कारण नक्षी पाठ करायला लोकांनी शेकडो तास घातले होते. पण युक्तिवाद म्हणून तो अर्धाच खरा आहे. आपल्याकडची रमी घ्या. पानं कोणती येणार हे नशीब. तरीही १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं, कारण पडलेली पानं लक्षात ठेवणं, कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं हे ठरवणं खेळाडूच्या हातात असतं. बंदुकीचंही तसंच. फैलाव वाढला की लांबून सलग झाडणं तोट्याचं होतं, मग एकेक गोळी मारायची, दोन-तीनच्या झोडीत मारायची की जवळ जाऊन झाडायची, हा निर्णय महाग होतो. कौशल्य मनगटातून निर्णयाकडे सरकतं. ज्यांची कमाई मनगटात होती त्यांना ते संपल्यासारखं वाटणारच.

यदृच्छेचा खरा परिणाम दुसरीकडे होतो, आणि संशोधक म्हणून तुम्हाला त्याचीच काळजी हवी. तिच्यामुळे एकेका चकमकीचा निकाल कमी भरवशाचा होतो. म्हणजे कौशल्य आहे, पण ते ओळखायला जास्त चकमकी बघाव्या लागतात. वैधतेशेजारी जी ‘विश्वसनीयता’ असते ना, ती ही. आधीच्या आवृत्तीत सामना ठरलेल्या वेळेत जास्तीत जास्त ३० फेऱ्यांचा असे, काउंटर-स्ट्राइक २ मध्ये तो २४ फेऱ्यांवर आला. जुन्या अभ्यासातून ‘प्रत्येकी इतके सामने पुरेत’ असा आकडा उचललात, तर तुमच्या हातात आपोआप कमी माहिती पडेल.

मग रँक तरी?

रँकमागे एलो किंवा ट्रूस्किलसारख्या पद्धतींचं तत्त्व असतं: कुणाविरुद्ध जिंकलात किंवा हरलात यावरून तुमचा अंदाज वर-खाली करायचा. जिंकण्याची शक्यता सांगायला हे उत्तम आहे. पण ‘का जिंकलात’ हे त्यात नसतं. गंमत म्हणजे काउंटर-स्ट्राइक २ च्या कॉम्पिटिटिव्ह प्रकारात प्रत्येक मॅपची रँक वेगळी मिळते, तर प्रीमियर प्रकारात सगळ्यांचा मिळून एकच आकडा. एकाच खेळाडूच्या कौशल्याला गेम स्वतःच दोन प्रकारची उत्तरं देतो. तुम्ही त्यातलं कोणतं घेतलं आणि का, हे आराखड्यात लिहायला नको?

हा काथ्याकूट वाटत असेल तर यात काय पणाला लागतं ते बघा. ग्रीन आणि बॅव्हेलियर यांनी २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं की अॅक्शन गेम खेळल्यानं दृश्य अवधान सुधारतं. त्यावर पुढे पुष्कळ संशोधन उभं राहिलं. २०११ मध्ये बूट, ब्लेकली आणि सायमन्स यांनी पद्धतीवर बोट ठेवलं: ‘तज्ज्ञ गेमर हवेत’ असं सांगून लोक बोलावले, तर आपल्याकडून चांगल्या कामगिरीची अपेक्षा आहे हे त्यांना आधीच कळतं, आणि फरक त्यातूनही येऊ शकतो. गट कसे पाडले, यावर निष्कर्षाचं आयुष्य ठरतं. उद्या असेच आकडे वापरून कुणी संघासाठी सोळा-सतरा वर्षांची मुलं निवडायला लागलं, तर शांत डोक्यानं कोपरा धरणारा मुलगा बाहेर आणि भराभर ठिपके टिपणारा आत, असं होईल. त्या मुलाला नकार आपल्यासारख्याच कुणाच्या तरी मोजपट्टीनं दिलेला असेल.

तर करायचं काय?

आकडे फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. हेडशॉटची टक्केवारी उपयोगी पडते, पण एकच बंदूक, एकच भूमिका आणि साधारण एकाच पातळीचे खेळाडू यांची तुलना करताना. सिनॉप्सिस लिहिण्याआधी एवढं करा:

१. ‘कौशल्य’ हा शब्द खोडा आणि त्या जागी नेमकी कृती लिहा: क्रॉसहेअर आधी धरणं, थांबण्याची वेळ साधणं, झटका आवरणं, मारायचं की माघार घ्यायची हे ठरवणं.

२. प्रत्येक कृतीला कोणती बंदूक गुण देते आणि कोणती लपवते, याचा तक्ता करा.

३. नोंद घेताना बंदूक, बाजू, मॅप आणि गेमची आवृत्ती हे रकाने ठेवाच. एका अपडेटनं तुमच्या नमुन्याचे दोन तुकडे होऊ शकतात.

४. आपल्याकडे नमुना मोबाइलवर मिळण्याची शक्यता मोठी. बीजीएमआय खेळणारा एक जण अंगठ्यानं नेम धरतो, दुसरा जायरोस्कोप चालू करून फोन कलवतो. दोघांना एका रकान्यात टाकू नका, आणि फोन कोणता हेही विचारा.

५. स्वतः खेळत नसाल तर खेळणाऱ्या कुणाशेजारी बसून दोन-चार संध्याकाळी नुसतं बघा. प्रत्येक किलनंतर एकच विचारा, ‘हे कसं जमलं?’ उत्तरात ‘नेम’ हा शब्द किती वेळा येतो आणि ‘मला माहीत होतं तो तिथून येणार’ हे किती वेळा येतं, ते वहीत मांडा.

गाईडला आराखडा दाखवण्याआधी ती वही दाखवा. चलं कोणती घ्यायची यावरची चर्चा तिथूनच सुरू होऊ दे. तुमच्या विषयात असाच एखादा सोयीचा आकडा असेल तर खाली कळवा, पुढच्या लेखात तो घेऊ.