‘आम्ही’, ‘आपण’ आणि व्होर्फ यांची भाषादृष्टी
अ‍ॅरिझोनातील होपी भाषेत काळाचा थेट निर्देश करणारे शब्द नाहीत, सबब होपींची विश्वदृष्टीच निराळी, या बेंजामिन ली व्होर्फ यांच्या विधानाचे खंडन एकेहार्ट मालोत्की यांनी १९८३ मध्ये विपुल उदाहरणांनिशी केले. तरीही आपल्या अध्यापनात ते सिद्ध सत्य म्हणून वावरते, हे खेदजनक आहे. रोमान याकोब्सन यांचे १९५९ मधील प्रतिपादन अधिक ग्राह्य वाटते : भाषाभेद काय सांगता येते यात नसून काय सांगावेच लागते यात असतो. मराठीत श्रोत्याला सामावणारे ‘आपण’ व वगळणारे ‘आम्ही’ यांतून निवड करावीच लागते (‘आपण’ आदरार्थीही येते, तो प्रश्न वेगळा). हिंदीतील ‘हम’ ही सक्ती करीत नाही. म्हणून हिंदी भाषकाला हा भेद कळत नाही, असे मात्र नव्हे. विभागाच्या सभेत ‘आम्ही ठरवले आहे’ हे ऐकणाऱ्या कनिष्ठ अध्यापकाला मात्र आपले स्थान क्रियापदापूर्वीच उमगते.