दैवतकथांमागील शेती

क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ ह्या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. रेणापूरच्या वाचकास हा विषय दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. रेणापूर व आदिलाबाद दोन्हीं तेव्हां निजामाच्याच राज्यांत होतीं. आणि आज नांदेड जिल्ह्यांत असलेला किनवटचा डोंगराळ मुलूख १९५६ पर्यंत आदिलाबादेंतच मोडत असे.

ग्रंथाच्या उपशीर्षकांत 'दख्खनची एक शेतकरी संस्कृति' असे शब्द आहेत. ज्यांना आपण सुशिक्षित मंडळी 'रानटी' म्हणत आलों, त्यांना शेतकरी म्हणणें हा ह्या ग्रंथाचा मोठा गुण होय. गोंडी भाषा शिकून व त्या लोकांत राहून ग्रंथकारांनीं ही दृष्टि मिळविली.

आमचा आक्षेप विषयांच्या क्रमाविषयीं आहे. शीर्षकांत शेतकरी असला, तरी हा पहिला भाग पुराणकथा व विधि ह्यांना वाहिलेला आहे. गोंडांच्या जमिनीच्या गाऱ्हाण्यांवर ग्रंथकारांनीं सरकारास अहवाल दिले होते, हें खरें. परंतु त्यांच्या व्यवहाराचा विस्तृत विचार करणारा ग्रंथ निघावयास १९७९ साल उजाडलें. आधीं देव आणि मागून धान्य, ह्या क्रमानें वाचकाच्या मनावर श्रद्धेचा ठसा उमटतो, विद्येचा उमटत नाहीं.

शेजारच्या कोलामांचेंच पाहा. डोंगरउतारावर नांगर न चालवितां ते खोदकाठीनें व कुदळीनें शेती करीत, आणि कांहीं वर्षांनीं ती जमीन सोडून देत. वरवर पाहणारास ही उधळपट्टी वाटते. पण नांगर न लागल्यानें मुळें माती धरून ठेवीत, व सोडलेल्या जागीं पुन्हां रान उठे. अर्थात् ह्यासाठीं रान विपुल आणि वस्ती विरळ हवी, हें विसरतां कामा नये. जंगलें राखीव झालीं आणि हा हिशेबच मोडला.

आमच्या सपाटीवरहि ज्वारींत तुरीच्या ओळी टाकण्याची रीत होती. एक पीक बुडालें तर दुसरें हातीं लागे. पुढें शिवारेंच्या शिवारें सोयाबीनखालीं गेलीं. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, तेव्हां ह्या ग्रंथाची आम्हांस पुन्हां आठवण झाली. डोंगरावरची विद्या आपण पूजाविधि समजून कपाटांत ठेवली, आणि घरची अडाणीपणा समजून टाकून दिली. वाचकांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र त्यांतील देवांमागें उभा असलेला शेतकरी नजरेआड होऊं देऊं नये.